मेळघाटात तिसरी भाषा केव्हाच आली

२०२५च्या एप्रिल ते जून या अडीच महिन्यांत महाराष्ट्र बालशिक्षणावर जेवढा बोलला, तेवढा त्याआधीच्या कित्येक वर्षांत बोलला नसेल. पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करणारा शासन निर्णय १६ एप्रिलला निघाला. १७ जूनला त्याची डागडुजी झाली. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतल्याचे आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमल्याचे जाहीर झाले. मधल्या काळात लेख आले, सभा झाल्या, शासन निर्णयाच्या होळ्या झाल्या. राजकारण बाजूला ठेवले तर या सगळ्या विरोधाचा गाभा शैक्षणिक होता आणि तो पक्का होता. सहा वर्षांच्या मुलाचे स्वतःच्या भाषेतले वाचन-लेखन स्थिरावण्याआधी त्याच्यावर परकी भाषा लादू नये, असे भाषातज्ज्ञांनी, शिक्षकांनी आणि पालकांनी एका सुरात सांगितले.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस सुरू होतात. म्हणजे मुंबईत हा वाद शिगेला पोहोचला होता, त्याच दिवसांत मेळघाटातल्या धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतली कोरकू मुले पहिलीत दाखल होत होती. या मुलांना शाळेत पहिल्या दिवसापासून मराठी, आणि २००० सालापासून राज्यात पहिलीलाच इंग्रजी असल्याने पहिल्या दिवसापासून इंग्रजीही. धारणीच्या बाजारात हिंदी चालते, ती वेगळीच. घरी, रानात, गुरांमागे बोलली जाणारी कोरकू मात्र ना पाठ्यपुस्तकात ना फळ्यावर. पहिलीला तीन भाषांचे ओझे नको, हे वाक्य ज्यांच्या बाबतीत सर्वांत आधी म्हणायला हवे होते, त्यांचे नाव त्या अडीच महिन्यांत क्वचितच कोणी घेतले. मराठी माणसाने हिंदीविरुद्ध केलेला प्रत्येक युक्तिवाद कोरकू, गोंडी, माडिया किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाच्या बाजूने जसाच्या तसा लागू होतो. फरक एवढाच, की तिथे लादली जाणारी भाषा मराठी असते.

यावर ठरलेले उत्तर येते, ‘त्या काय, बोलीच आहेत.’ वऱ्हाडी मुलगा जसा प्रमाण मराठीला सरावतो तसा कोरकू मुलगाही सरावेल, असा समज त्यामागे आहे. पण कोरकू मुंडा कुळातली, संताळी-मुंडारीची बहीण. गोंडी आणि माडिया द्राविडी, तेलुगूच्या नात्यातल्या. मराठीशी त्यांचे रक्ताचे नाते नाही. असलेच तर शेजाराचे. मराठी मुलाला हिंदी जेवढी जवळ पडते, तेवढीही जवळ कोरकू मुलाला मराठी पडत नाही. २०११च्या जनगणनेत गोंडी बोलणारे जवळपास ३० लाख आणि कोरकू बोलणारे सात लाखांहून अधिक नोंदले गेले. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत या दोन्ही भाषांना जागा नाही. त्याच जनगणनेत २४,८२१ लोकांनी मातृभाषा म्हणून नोंदवलेल्या संस्कृतला आहे. संस्कृतचा मान कमी करण्याचा यात हेतू नाही, पण सरकारी यादीत यायला बोलणाऱ्यांची संख्या पुरत नाही हे यातून दिसते.

वर्गात नेमके काय होते ते पाहायला गणिताच्या तासासारखी जागा नाही. कोरकू मूल शाळेत येते तेव्हा त्याला मोजता येत नाही असे मुळीच नसते. मिया, बारी, आफई, उफुन, मोनोई असे ते मोहफुलांच्या टोपल्या आणि शेळीची करडे मोजत असते. शाळेत आल्यावर एक, दोन, तीनपासून पुन्हा सुरुवात होते. दहापर्यंत ठीक चालते. पुढे मराठी अंकनामांचे अवघड वळण येते. पंचवीस म्हणताना पाच आधी, लिहिताना दोन आधी. एकोणतीसमध्ये तर उच्चारात नऊचा पत्ताच नाही, तिसाला एक कमी असा हिशेब पोटात दडलेला. हे घरात मराठी बोलणाऱ्या मुलांनाही जड जाते म्हणून २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ अशी सोपी वाट दिली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. त्यावर केवढा गहजब झाला! विधानसभेत कोट्या झाल्या, मराठी बुडाली म्हणून हाकाटी झाली. नारळीकरबाई शांतपणे सांगत राहिल्या, की खेड्यातल्या आणि पहिल्यांदा शिकणाऱ्या पिढीतल्या मुलांची अडचण डोळ्यांसमोर ठेवून हे केले आहे. ज्या मुलाला ‘वीस’ आणि ‘एक’ हे दोन्ही शब्दच परके आहेत, त्याचे काय होत असेल याचा अंदाज यावरून करता यावा. शिक्षक प्रश्न विचारतात, वर्ग गप्प. शिक्षक उत्तर सांगतात, वर्ग एका सुरात म्हणतो. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला पाठांतर ऐकू येते आणि शेरा चांगला पडतो. चौथी-पाचवीत शाब्दिक उदाहरण पुढ्यात आले की तेच मूल अडते. गणितात कच्चा, असा शिक्का बसतो. खरे तर त्याला ‘उरले किती’ आणि ‘जास्त किती’ यांतला भेद कोणी त्याच्या भाषेत कधी सांगितलेलाच नसतो.

दुसऱ्या भाषेत गप्पा मारण्याइतपत यायला एक-दोन वर्षे पुरतात. त्या भाषेत शिकण्याइतके प्रभुत्व यायला पाच ते सात वर्षे लागतात, असे कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी स्थलांतरितांच्या मुलांवरील अभ्यासातून मांडले. आपल्याकडच्या अनेक शिक्षकांचा घोटाळा इथेच होतो. दुसरीत मूल ‘सर, पाणी पिऊन येऊ?’ म्हणायला लागले की भाषा आली असे धरले जाते.

मायबोलीत शिकवण्याचा आग्रह धरणाऱ्याला या मुलांना मराठीपासून, पर्यायाने नोकरीपासून दूर ठेवायचे आहे, असा संशय नेहमी घेतला जातो. द्विभाषिक शिक्षणाचा अर्थ तसा नाही. पहिली एक-दोन वर्षे विचार, वाचन आणि मोजणी घरच्या भाषेत. मराठी त्याच वेळी कानावर आणि जिभेवर, गाणी-खेळ-गोष्टींतून. नंतर मराठी वाचन-लेखन, आणि पुढे दोन्ही भाषा हातात हात घालून. घरची भाषा मध्येच सोडून द्यायची नाही, हे यातले कळीचे कलम. ओडिशात याचा मोठ्या प्रमाणावर प्रयोग झाला आहे. २००६-०७ मध्ये संताळी, सौरा, कुई, कुवी, कोया, बोंडा, जुआंग, मुंडा, किसान आणि ओराँव अशा दहा आदिवासी भाषांत तिथे कामाला सुरुवात झाली. पुढे ही संख्या २१वर गेली आणि २०१४ मध्ये त्या राज्याने बहुभाषी शिक्षणाचे धोरण अधिकृतपणे स्वीकारले. पुस्तके भुवनेश्वरला बसून भाषांतरित केली नाहीत. गावातल्या जाणत्यांना, त्या भाषेतल्या शिक्षकांना एकत्र बसवून पेरणी, सण, बाजार, शिकार असे गावाचे वर्षभराचे चक्र मांडले आणि त्यावर धडे बेतले. एकीकडे ऐकायच्या-सांगायच्या गोष्टींची मोठी चित्रपुस्तके, दुसरीकडे अक्षर ओळखायची अंकलिपी, असे दोन रूळ होते. लिपी बहुतेक ठिकाणी ओडिया ठेवली, त्यामुळे पुढे ओडिया वाचायला मुलांना नव्याने अक्षरे गिरवावी लागली नाहीत. देवनागरीच्या बाबतीत महाराष्ट्रालाही हाच फायदा आयता मिळतो.

ओडिशातले सगळे गोडच होते असे नव्हे. कुईच्या शाळेत कुई न येणारा शिक्षक बदलून येणे, पुस्तके उशिरा पोहोचणे, तिसरी-चौथीतच घाईने ओडियावर उडी मारणे, या तक्रारी तिथेही झाल्या. पण त्या चालत्या गाडीच्या तक्रारी आहेत. महाराष्ट्रात गाडीच रुळावर आलेली नाही.

ओडिशाचाच आणखी एक धडा अजित मोहंती या मानसशास्त्रज्ञाच्या कामातून मिळतो. फुलबनी भागातल्या कोंध आदिवासींत त्यांना एक दुर्मीळ योगायोग सापडला. काही गावांतले कोंध कुई विसरून फक्त ओडिया बोलू लागले होते, तर काही गावांतले कुई आणि ओडिया दोन्ही बोलत होते. रीतिरिवाज सारखे, गरिबी सारखी. फरक काय तो भाषेचा. मोहंतींनी दोन्हीकडच्या मुलांच्या चाचण्या घेतल्या तेव्हा दोन भाषा जपणारी मुले बौद्धिक आणि भाषिक जाणिवेच्या कसोट्यांवर सरस ठरली. घरची भाषा सोडली की मूल पुढे जाते, या आपल्याकडच्या लाडक्या समजुतीला याहून नेमका छेद क्वचितच कोणी दिला असेल.

कायद्याची बाजू तर कधीचीच स्पष्ट आहे. राज्य पुनर्रचनेच्या वेळी, १९५६ मध्ये, सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०-अ आले. भाषिक अल्पसंख्य गटांतल्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी प्रत्येक राज्याने आणि स्थानिक संस्थेने सोय करण्याचा प्रयत्न करावा, असे ते सांगते. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यातले कलम २९ शक्य असेल तिथे मातृभाषेतून शिकवा म्हणते. २०२०चे राष्ट्रीय शिक्षण धोरण शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत, जमल्यास आठवीपर्यंत घरची भाषा माध्यम असावी म्हणते. ‘प्रयत्न करावा’ किंवा ‘शक्य असेल तिथे’ अशा शब्दांची फट प्रत्येक ठिकाणी ठेवली आहे आणि सगळी सरकारे त्या फटीतूनच निसटतात.

महाराष्ट्र भाषिक अल्पसंख्याकांच्या बाबतीत कंजूष आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. बालभारती उर्दू, हिंदी, गुजराती, कन्नड, तेलुगू, सिंधी अशा भाषांत पुस्तके छापते. मुंबई महापालिका तमिळ-तेलुगू-कन्नड माध्यमाच्या शाळा चालवत आली आहे. सीमाभागात बेळगाव, निपाणी, खानापूरच्या मराठी शाळांत शिक्षकांच्या जागा रिकाम्या राहिल्या, मराठीत कागदपत्रे मिळाली नाहीत, की महाराष्ट्र हळहळतो आणि योग्यच करतो. तिथला मराठी माणूस जे ३५०-अ दाखवून हक्क मागतो, तेच कलम गडचिरोलीतल्या धानोऱ्याच्या गोंडालाही लागू आहे. पण गुजरातीच्या मागे गुजरात उभा आहे, तेलुगूच्या मागे दोन राज्ये. गोंडी मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण आणि महाराष्ट्र अशी वाटली गेली आणि कुठेच बहुसंख्य ठरली नाही.

सरकार हलले नाही तरी काही माणसे हलली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी अंगणवाडी आणि कुरणशाळा चालवल्या, तेव्हा मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाकडे जाईल एवढे साधे सूत्र त्यांनी धरले. नर्मदेच्या काठी, धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरांत, धरणग्रस्तांच्या जीवनशाळा नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला उभ्या राहिल्या आणि पावरी-भिलोरीला वर्गात जागा मिळाली. हेमलकशाला लोकबिरादरीची आश्रमशाळा १९७६ पासून आहे आणि तिथली मुले माडिया बोलतच मोठी होतात. जिल्हा परिषदेच्या शाळांतही स्वतःहून कोरकू किंवा गोंडी शिकलेले, वहीत शब्द टिपून ठेवणारे, मुलांकडूनच गोष्टी ऐकून त्यांचे तक्ते करणारे गुरुजी सापडतात. त्यांच्या कामाचे कौतुक वर्तमानपत्रात छापून येते. मग त्यांची बदली होते, वही त्यांच्याबरोबर जाते आणि नवे गुरुजी पुन्हा पहिल्या पानापासून.

गडचिरोलीतल्या मोहगावची गोष्ट याहून वेगळी आहे, कारण तिथे पुढाकार कोणा बाहेरच्या भल्या माणसाचा नव्हता. धानोरा तालुक्यातल्या या गावी ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःची गोंडी शाळा काढली आणि तिला गोटुलाचे, म्हणजे गोंडांच्या पारंपरिक युवागृहाचे, नाव दिले. हा तालुका ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा देणाऱ्या मेंढा-लेखा गावाचा. जंगलावरचा सामूहिक हक्क २००९ मध्ये आधी याच तालुक्यातून मिळवला गेला, तेव्हा शाळेचा विचारही इथेच उगवावा यात नवल नाही. मुले आधी गोंडीतून शिकतात. मराठी आणि इंग्रजीही शिकवली जाते. पुढे शिक्षण खात्याची नोटीस आली, शाळेला मान्यता नाही म्हणून. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १८ मध्ये विनामान्यता शाळेला एक लाखापर्यंत दंड आणि तरीही चालू ठेवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तेंदूपान-बांबूवर जगणाऱ्या गावाला ही रक्कम काय वाटत असेल! ग्रामसभा उच्च न्यायालयात गेली. अधिकाऱ्यांची बाजू कागदोपत्री चूक नाही, उद्या कोणीही झोपडी टाकून शाळेची पाटी लावली तर मुलांचे नुकसान होईल, ही भीतीही खरी. पण जो कायदा मातृभाषेतून शिकवा म्हणतो, त्याच कायद्याचा बडगा मातृभाषेतून शिकवणाऱ्या ग्रामसभेवर उगारला जातो, तेव्हा कायद्याचे कोणते कलम वाचायचे हे खाते सोयीने ठरवते असे म्हणावे लागते.

पालकांचे काय? बहुतेक आदिवासी पालक इंग्रजी मागतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. पुण्या-मुंबईचे मराठी पालक तरी दुसरे काय करतात? आदिवासी विकास विभाग ‘नामांकित’ योजनेखाली हजारो आदिवासी मुलांची फी भरून त्यांना इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत पाठवतो. म्हणजे इंग्रजीसाठी तिजोरी उघडते, मराठीसाठी हजाराहून अधिक आश्रमशाळा आहेत, आणि या दोन्हींचा पाया जिच्यावर घालायचा तिच्यासाठी बालभारतीचे एक नियमित पुस्तकही नाही. पालकांपुढे गोंडी की इंग्रजी असा पर्याय ठेवला तर ते इंग्रजीच म्हणणार. गोंडीतून वाचायला शिकलेले मूल मराठी आणि इंग्रजी लवकर पकडते, हे दाखवणारी एखादी शाळा शेजारच्या गावात उभी करा आणि मग विचारा.

एका वर्गात तीन भाषांची मुले असतील तर, हा प्रश्न अधिक अवघड आहे. नंदुरबारमध्ये पावरी, मावची, देहवाली आणि अहिराणी शेजारी-शेजारी नांदतात. मोठ्या आश्रमशाळेत हे मिश्रण आणखी दाट. तिथे एकच नमुना चालणार नाही, आणि सगळीकडे सगळे एकदम करण्याची गरजही नाही. पण मेळघाटातली शेकडो गावे बहुतांशी कोरकू आहेत, भामरागडची गावे माडिया, धानोरा-कोरचीची गोंडी. तिथे गावची छोटी शाळा हीच सर्वांत सोयीची प्रयोगशाळा आहे. नेमकी तीच वीसपेक्षा कमी पटाचे कारण देऊन बंद करण्याचा किंवा समूह शाळेत मिळवण्याचा विचार वर्षा-दोन वर्षांनी डोके वर काढतो. सात-आठ वर्षांचे मूल एकदा दूरच्या वसतिगृहात गेले, की भाषेबरोबर आजी-आजोबाही सुटतात.

लिपीचा वाद पुढे करून काम अडवणारेही भेटतात. गोंडीसाठी १९१८ मध्ये मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी लिपी तयार केली. तेलंगणातल्या गुंजाळा गावी वेगळ्या लिपीतली जुनी हस्तलिखिते सापडली. दोन्हींना आता युनिकोडमध्ये स्थान आहे. समाजाला अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे आणि वरच्या वर्गांत या लिप्या जरूर शिकवाव्यात. पहिलीच्या मुलाला देवनागरीत गोंडी वाचता आली, तर कोणाचा अपमान होणार नाही.

सर्वांत मोठी अडचण शिक्षकाची, आणि ती सोडवणे सर्वस्वी सरकारच्या हातात आहे. पेसा कायद्याखालच्या आदिवासी क्षेत्रातली शिक्षकांसह १७ संवर्गांची पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांतून भरावीत, अशी राज्यपालांची अधिसूचना आहे. तिच्यावरचा वाद न्यायालयात गेला, भरती रखडली, उमेदवार रस्त्यावर उतरले आणि २०२४ मध्ये त्यांना मानधनावर घेण्याची तडजोड झाली. कोरकू-गोंडी जन्मतः येणारे, डी.एड. झालेले हेच तरुण ओडिशासारख्या कामाचा कणा ठरले असते. शिक्षक व्हायचे तर त्यांना शिक्षक पात्रता परीक्षा द्यावी लागते. त्या परीक्षेत मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी आणि इतर काही भाषांतून निवड करता येते. कोरकू किंवा गोंडी निवडता येत नाही. ज्या वर्गात जाऊन शिकवायचे, त्या वर्गाची भाषा येते की नाही हे नेमणुकीआधी कोणी विचारत नाही आणि आली तर एक गुणही वाढत नाही. आदिवासी भागात नोकरी करणाऱ्याला एकस्तर वेतनश्रेणी मिळते, ती तिथे राहण्याबद्दल. येत्या भरतीत ‘स्थानिक भाषेचे ज्ञान’ असा एक रकाना वाढवायला, त्याची तोंडी परीक्षा ग्रामसभेसमोर घ्यायला आणि ती पास झालेल्याला निदान पाच वर्षे त्याच केंद्रात ठेवायला घटनादुरुस्ती लागत नाही की केंद्राची परवानगी. त्याला ग्रामविकास आणि शालेय शिक्षण या दोन खात्यांचे एकमत आणि एक शासन निर्णय पुरे.